तीन वर्षं पुढची कुंदा

भिवापूर,
२१ नोव्हेंबर १९७१

प्रिय गोपिका,

मुंबईहून येऊन बारा दिवस झाले. धर्मशाळेतून निघताना तू पत्ता लिहून दिलास तो कागद मी पोलक्यात ठेवला आणि ते पोलकं तसंच धुवायला टाकलं. 'नागपूर, पाचपावली' एवढं वाचता आलं, पुढचं साबणात गेलं. म्हणून पाकिटावर 'कवडू पराते, मागवाले' एवढंच लिहिते आहे. तुझ्या सासऱ्यांना तिथे सगळे ओळखतात असं तू म्हणाली होतीस, तेव्हा आता त्यांच्या कीर्तीवर भिस्त.

तुला वाटलं असेल, ही बाई इस्पितळाच्या व्हरांड्यात एकदम येऊन माझ्या शेजारी का बसली. तुझी यमू रडली म्हणून. माझी कुंदा चार वर्षांपूर्वी जन्मली तेव्हा ती हुबेहूब अशीच रडायची, मांजरीच्या पिलासारखी. सुईणीने मला विचारलं होतं, "घरात मांजर व्याली काय वं?" आता कुंदाचं रडणं इतर पोरांसारखं झालं आहे. ते जुनं रडणं मला तुझ्या वर्षाच्या पोरीच्या गळ्यातून ऐकू आलं आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले.

घरी आल्यावर मी सगळ्यांना डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं. मास्तरीण पडले ना. माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, बारीक धाग्यांसारखी, आणि रक्त तपासलं तेव्हा कुंदाच्या पाचव्या सूत्राचं टोक तुटलेलं दिसलं. नागपूरच्या एका मुलीचंही नेमकं तेच तुटलं आहे. कुंदाच्या बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग ते टोक गेलं कुठी?"

अशा दोन मुली एकाच दिवशी आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत, एकमेकींना पत्रं लिहीत जा, असं डॉक्टर म्हणाले. पुढेही ते काही सांगत होते, पण तेवढ्यात कुंदाने टेबलावरची दौत पाडली आणि मी पदराने शाई पुसत बसले. तू ऐकलं असशील तर कळव. कुंदा बसते, पण उभी राहत नाही. बोलत नाही. तुझी यमू मान धरायला लागली का?

तुझी
इंदुताई

नागपूर,
५ डिसेंबर १९७१

इंदुताईंना गोपिकाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमनने तीन मागवाल्यांच्या घरी दाखवून मग आमच्याकडे आणलं. त्यामुळे आता सगळ्या गल्लीला कळलं आहे की माझी भिवापूरला शाळामास्तरीण मैत्रीण आहे. माझा भाव वाढला आहे. मी सातवी शिकलेली, चुका काढू नका.

डॉक्टर शेवटी काय म्हणाले ते मीही ऐकलं नाही. यमूला दूध पाजताना ठसका लागला होता, माझं सगळं लक्ष तिकडे. काही महत्त्वाचं असतं तर कागदावर लिहून दिलं असतं.

यमूने अजून मान धरलेली नाही. पण मी एक हिशोब लावला आहे. तुमची कुंदा यमूहून तीन वर्षांनी मोठी. टोक दोघींचं एकच तुटलेलं. म्हणजे आज कुंदा जशी आहे, तशी माझी यमू तीन वर्षांनी होईल. नवा काठ विणायला घेतला की आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, जुन्या लुगड्याच्या काठाचा तुकडा मागाशेजारी टांगतात आणि त्याच्याकडे बघून विणतात. तुमची पत्रं माझ्यासाठी तो तुकडा आहे. कुंदा बसते हे वाचून मी यमूच्या बाबांना सांगितलं, आपली पोरगी बसणार आहे. ते मिलमधून दमून आले होते, तरी दोनदा वाचून घेतलं.

म्हणून हात जोडून सांगते, कुंदाचं जे असेल ते सगळं लिहा. बरं असो की वाईट. मी तुमच्या पत्रात माझ्या पोरीचं पुढचं वाचणार आहे.

तुमची
गोपिका

भिवापूर,
११ जुलै १९७२

प्रिय गोपिका,

यमू मान धरायला लागली हे वाचून मी वर्गातल्या पोरांना अर्धा तास आधी सोडलं. कारण विचारलं तर काय सांगणार होते कोण जाणे.

कुंदाचं खरं खरं लिही म्हणतेस, तर लिहिते. पाचवं लागलं. खाट धरून उभी राहते, पण हात सोडत नाही. 'आई' हा शब्द मी रोज पन्नास वेळा तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणते. ती माझ्या ओठांना हात लावते आणि हसते. बस. शाळेत मी चाळीस पोरांना एका वर्षात वाचायला शिकवते, गोपिका, आणि घरी माझ्या हातून एक शब्द होत नाही. मला दुसरं काही नको. तिने शाळेत जावं, लिहावं, असं काही नको. मी आले की तिने मला एकदा हाक मारावी.

सध्या एक नवीन खूळ घेतलं आहे. एक पितळी वाटी आहे, ती फरशीवर आपटते. दोनदा ठणठण, थांबते, परत दोनदा. संध्याकाळी मी शाळेतून येते तेव्हा तर घराचा कासारबाजार झालेला असतो. रस्त्यावरून जाणाऱ्या बाया फाटकाशी थांबून विचारतात, "काहून वाजवून राहिली वं पोरगी?" त्यांना काय सांगू? माझं डोकं उठतं आणि खरं म्हणजे लाज वाटते. काल ती वाटी मी मिरच्यांच्या पोत्यांमागे टाकून दिली. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. दोन दिवस रडेल, मग विसरेल.

इंदुताई

नागपूर,
२ ऑगस्ट १९७३

इंदुताई,

वर्षभरात माझं पत्र नाही म्हणून रागावला असाल. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. यमूला तीन वर्षं होतील. अजून लोडाला टेकवून बसवावं लागतं, नाहीतर कलंडते. तुमची कुंदा तिसऱ्या वर्षी आपोआप बसत होती. म्हणजे आम्ही तुमच्याही मागे पडलो.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणतात, देवाने दिलं तसं सांभाळ, जास्त झटू नको. यमूच्या बाबांनी डॉक्टरांकडे जाणं सोडलं. दुसरं मूल होऊ दे म्हणतात सगळे. मी रोज तिच्या पायांना तेल लावते, रोज तिच्या कानाशी बोलते, आणि रोज वाटतं की मी भिंतीशी बोलते आहे. परवा मी तेलाची वाटी फेकून दिली. पोरगी घाबरली.

कुंदाला आता सहावं संपत आलं ना? मला एकच सांगा. ती चालते का? ती तुम्हाला आई म्हणते का? तुम्ही नाही म्हणालात तर मी हे सगळं थांबवीन. तिला खाऊ घालीन, न्हाऊ घालीन आणि तेवढ्यावर भागवीन. हो म्हणालात तर मी आणखी तीन वर्षं लढते. तुमच्या उत्तरावर आहे सगळं.

गोपिका

भिवापूर,
३० ऑगस्ट १९७३

प्रिय गोपिका,

तुला कळवायला आनंद वाटतो की कुंदा चालली.

काल तान्हा पोळा होता. आमच्या ओळीतल्या घरांची पोरं आपापले लाकडी बैल सजवून दारोदार निघाली होती. कुंदाच्या बाबांनी तिच्यासाठीही एक बैल आणला होता, लाल झूल घातलेला. मी तिच्या हातात दोरी दिली आणि खाटेशी उभी केली. तिने खाट सोडली. गोपिका, एक पाऊल टाकलं, मग दुसरं, बैल मागून खडखड येतो आहे, आणि ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे थांबली. वळून बघितलं आणि म्हणाली, "आई."

आवाज थोडा घोगरा आहे. 'आ' लांब आणि 'ई' अगदी हलकी, मुश्किलीने ऐकू येणारी. मी हातातलं काम टाकून तिथेच खाली बसले. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

तू थांबू नकोस. तेल लावत राहा, बोलत राहा.

तुझी
इंदुताई

नागपूर,
६ सप्टेंबर १९७३

इंदुताई,

तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'आई' पाशी मी पत्र यमूच्या बाबांच्या हातात दिलं, पुढचं त्यांनी वाचलं. शेजारी साखर वाटली. बायांना वाटलं घरात पुन्हा पाळणा हलणार. मी म्हटलं, नाही, भिवापूरला एक पोरगी चालली.

मागाच्या मागच्या भिंतीवर गेरूने लिहून ठेवलं आहे: 'सहावं वर्ष. तान्हा पोळा. चालणे. आई म्हणणे.' म्हणजे यमूचा दिवस १९७६ च्या तान्ह्या पोळ्याला. मी आता थांबत नाही.

तुमची गोपिका

नागपूर,
२९ ऑगस्ट १९७६

इंदुताई,

तान्हा पोळा झाला. यमू चालली नाही.

तुम्ही एवढी तीन वर्षं मला कुंदाचं सगळं कळवलंत. ती कुठले सात शब्द बोलते, स्वतःच्या हाताने कशी जेवते, फाटकापर्यंत तुम्हाला घ्यायला कशी येते. मी एकेक भिंतीवर लिहीत गेले. दोनदा भेटायला येते म्हटलं, एकदा तुमच्याकडे गोवर होता, एकदा शाळेची तपासणी. म्हणून भेट झाली नाही, पण मला तुमचं घर पाठ आहे. माझी सहा वर्षांची पोरगी यातलं काहीच करत नाही. आता बसते फक्त, आणि सरपटते.

मग चूक माझीच असणार. टोक एकच, दोघी सारख्या, तर जे तुमच्याने झालं ते माझ्याने का होत नाही? मी जास्त लाड केले असं मला वाटलं. वैशाखापासून मी कडक झाले. तोंडाने मागितल्याशिवाय भाकरी द्यायची नाही. नुसता 'भा' म्हण, मग घास. दोन दोन वेळा ती उपाशी राहते आणि माझ्या हाताकडे बघत राहते. मागाच्या खांबाला तिला पदराने बांधून उभी करते, पाय मजबूत व्हावे म्हणून. रडली तरी सोडत नाही. एकदा हात उचलला. मग एकदा नाही, बऱ्याचदा उचलला.

परवा बैलाची दोरी हातात दिली आणि धरलेला हात काढून घेतला. ती तोंडावर पडली. ओठ फाटला, पुढचा दात हलतो आहे. यमूचे बाबा म्हणाले, "राहू दे ना वं तिले. काहून मारून राहिली?" मी म्हटलं, कुंदा झाली, ही पण होईल. इंदुताई, कुंदाला उभं करायला तुम्ही काय केलं होतं, नीट पायरी पायरीने लिहा. काहीतरी मी करायचं सोडते आहे.

गोपिका

भिवापूर,
१ सप्टेंबर १९७६

गोपिका,

आधी पोरीला सोड. तिला जेवू घाल. तिने काही म्हणायची वाट बघू नकोस. हे पत्र त्यानंतर वाच.

कुंदा चालत नाही. भिंत धरून चार पावलं सरकते, ती या वर्षी. ती बोलत नाही. सात शब्द नाही, एक नाही. नऊ वर्षांत तिने मला कधी आई म्हटलेलं नाही. त्या तान्ह्या पोळ्याला ती तापाने खाटेवर पडून होती आणि लाल झुलीचा बैल तिच्या उशाशी तसाच ठेवलेला होता. गोवर खोटा, तपासणी खोटी. तू आलीस तर काय दिसेल या भीतीने मला तुझ्या पत्राचीसुद्धा धास्ती वाटायची.

तीन वर्षांपूर्वी तू विचारलंस, हो की नाही, आणि मी नाही म्हणाले असते तर तू यमूसाठी झटणं सोडलं असतंस. म्हणून मी ते लिहिलं. असंच सांगून हे पत्र संपवणार होते. पण तेही पुरतं खरं नाही. कुंदा चालली एवढं तुझ्यासाठी पुरे होतं. 'आई' मी माझ्यासाठी लिहिलं. 'आ' लांब आणि 'ई' हलकी, हे लिहिताना मला ते ऐकू आलं. नंतर प्रत्येक पत्रात मी तिला थोडं थोडं बोलायला लावलं. शाळेतून येताना आज काय लिहायचं ते ठरवत यायचे आणि घरी आल्यावर खाटेवरच्या कुंदाचा मला राग यायचा, ती पत्रातल्यासारखी नाही म्हणून. इतकी मी वाया गेलेली आहे.

माझ्या खोट्याचे वळ तुझ्या पोरीच्या अंगावर उठले. याची माफी कशी मागायची मला माहीत नाही. मला वाटेल ते बोल, पण यमूला काही करू नकोस. तिचा काही दोष नाही आणि तुझाही नाही.

इंदुमती

भिवापूर,
१९ डिसेंबर १९७६

गोपिका,

तीन पत्रं लिहिली, हे चौथं. तू फाडून टाकत असशील तर फाड, पण एकदा कोऱ्या कार्डावर 'यमू बरी आहे' एवढं लिहून पाठव. ओठाची जखम भरली का, एवढंच मला हवं आहे. पोस्टमन फाटकापाशी सायकल हळू करतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो. आता तोही माझी नजर चुकवायला लागला आहे.

इंदुताई

नागपूर,
१२ फेब्रुवारी १९७८

इंदुताई,

ओठ केव्हाच भरला. बारीक खूण राहिली आहे.

त्या सप्टेंबरच्या पत्रानंतरची तुमची पत्रं फाडली नाहीत. वाचलीही नाहीत, गेल्या महिन्यापर्यंत. राग होता, खोटं कशाला सांगू. पण तुमच्यावर कमी होता. पदराने खांबाला बांधणारी मी होते, तुम्ही नव्हतात. तुमच्या पत्रात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

तुमचं ते पत्र आलं त्या दिवशी मी भिंतीवरचा गेरू खरडून काढला आणि तिला पोटभर जेवू घातलं. पुढे कित्येक महिने मी तिला काहीच शिकवलं नाही. माझा हात उचलायला लागला की मलाच भीती वाटायची. मग धरमपेठेत एक लहान मुलांचे डॉक्टर आहेत, त्यांना मुंबईचे कागद दाखवले. ते म्हणाले, टोक दोघींचं तुटलेलं असलं तरी कोणाचं किती तुटलं ते वेगळं असू शकतं. आणि सारखंच तुटलं असलं तरी दोन मुली सारख्या होत नाहीत. कोणी चालतं, कोणी बोलतं, कोणी दोन्ही, कोणी काहीच नाही, आधी कोणालाच सांगता येत नाही. मुंबईचे डॉक्टर शेवटी हेच सांगत असतील, तुमची कुंदा दौत पाडत होती आणि माझी यमू ठसकत होती तेव्हा.

हे मी घरी सांगितलं तर मामाजी माग न थांबवता म्हणाले, "एकाच ताण्यावर चार लुगडे निघते पोरी. पण एकाचा पदर दुसऱ्यासारका कधी झाला काय?" पन्नास वर्षं विणणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं आणि मी त्यांच्याच घरात बसून नमुना टांगून ठेवला होता.

आता पुढचं. हे लिहू की नको यात माझे चार महिने गेले.

मी शिकवणं सोडल्यावर यमू सरपटत मामाजींच्या मागाशेजारी जाऊन बसायला लागली. तिला कुठलाही मोठा आवाज सहन होत नाही, भांडं पडलं तरी कान धरते, पण मागाचा खटखट आवाज तिला चालतो. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते, तिचं सूत संपलं की माग थांबतो. तो थांबला की ती टोपलीतली भरलेली कांडी उचलून त्यांच्या हातात द्यायची. कोणी शिकवलं नव्हतं. एक दिवस सूत संपलं आणि मामाजी दारातल्या कोणाशी बोलत बसले. ती हात पुढे करून थांबली, थांबली, आणि म्हणाली, "कांडी."

तिचा पहिला शब्द माय नाही, कांडी आहे. माय अकरा महिन्यांनी आलं. गेल्या दिवाळीपासून ती चालते, वाकडी, पाय फाकवून, पण चालते. आठ शब्द बोलते. हे वाचून तुमच्या पोटात काय होईल ते मला माहीत आहे. ते मला तीन वर्षं होत होतं. लपवावं असं वाटलं होतं. पण आपल्यात ते एकदा झालं आहे, पुन्हा नको.

मला आता यायचं आहे. गोवर काढू नका.

गोपिका

भिवापूर,
१७ फेब्रुवारी १९७८

गोपिका,

पत्र वाचून मी रडले. आधी आनंदाने आणि मग हेव्याने, दोन्ही तुला सांगते. तुझ्या यमूचा 'माय' मी दिवसभर मनात म्हणत होते.

ये. एप्रिलमध्ये ये, शाळा सकाळची असते, दुपार आपली. छोट्या लाईनच्या गाडीने स्टेशनवर उतरलीस की कोणालाही विचार. कुंदाला दाखवण्यासारखं काही नाही, पण ये.

इंदुताई

नागपूर,
२३ एप्रिल १९७८

इंदुताई,

सुखरूप पोचलो. तुम्ही दिलेल्या मिरच्यांनी सगळा डबा शिंकत होता. उमरेडला एक म्हातारा डबा बदलून गेला.

तुमच्या घरी मी एक गोष्ट बघितली. तिथे बोलले नाही, कारण मला आधी नीट विचार करायचा होता. आता लिहिते.

तुम्ही शाळेतून येण्याआधी आम्ही तासभर घरी होतो. कुंदा भिंतीला टेकून बसली होती आणि यमू तिच्या पायाशी. फाटक वाजलं, दूधवाली आली. कुंदाने मानसुद्धा वळवली नाही. पुन्हा वाजलं, शेजारची कोणी आली. काही नाही. मग तिसऱ्यांदा फाटक वाजायच्याही आधी, तुमच्या चपला रस्त्यावर ऐकू आल्या असतील, कुंदा ताठ झाली. तिने आजूबाजूला चाचपून काहीतरी शोधलं. सापडलं नाही. मग तळहात फरशीवर आपटला. दोनदा. थांबली. परत दोनदा. तुम्ही आत आलात, पिशवी ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणालात, "गप गं." तुमच्या तोंडी ते इतकं बसलं आहे की तुम्हाला आठवणारही नाही.

तुम्ही चहा करायला गेलात तेव्हा मी तुमच्या सासूबाईंना विचारलं. रंभाबाई म्हणाल्या, "आधी वाटी होती तिच्यापाशी. इंदूसाठीच वाजवे ते. दुसऱ्या कोणाले नाही." मी म्हटलं, मग तुम्ही सांगितलं काहून नाही? त्या म्हणाल्या, "मले वाटलं, तिले ठाऊक आहे."

इंदुताई, आमच्या घरी 'कांडी' ऐकून आम्ही सगळे नाचलो, कारण तो शब्द होता, आम्हाला ओळखता आला. तुमची वाटी १९७२ च्या पत्रात आहे. काल मी ते काढून पुन्हा वाचलं. त्याच पत्रात वर तुम्ही लिहिलं आहे की मी आले की तिने मला एकदा हाक मारावी. आणि खाली लिहिलं आहे की वाटी पोत्यामागे टाकली. मी तेव्हा दोन्ही वाचलं आणि मलाही दिसलं नाही.

ती वाटी अजून असेल तर शोधा.

तुमची
गोपिका

भिवापूर,
९ जुलै १९७८

प्रिय गोपिका,

तुझ्या पत्राला अडीच महिने उत्तर दिलं नाही. आधी सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि असलेलं सांगायची हिंमत नव्हती.

पत्र आलं त्याच दिवशी मी पोती हलवली. सहा वर्षांत तिथे पोती आली नि गेली, पण वाटी कोपऱ्यात तशीच होती, काळी पडलेली. चिंच लावून घासली तरी मिरचीचा वास जाईना. कुंदाच्या हातात दिली तर दोघींना शिंकांवर शिंका. तिने वाटी उलटसुलट केली, नाकाशी नेली, आणि बाजूला ठेवून दिली.

मग सुट्ट्या लागल्या. मी घरातच, मग येणार कुठून? मी फाटकाबाहेर जाऊन उगाच परत यायचे, दिवसातून चार चार वेळा. कुंदाचे बाबा म्हणाले, ही उन्हाने बिघडली. कुंदा वाटीवर हात न्यायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि हात मागे घ्यायची. गोपिका, मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. ती विसरली नव्हती. वाजवलं की मी रागावते, एवढं ती माझ्याकडून नीट शिकली होती. शाळेत मला चांगली शिक्षिका म्हणतात.

'गप गं' हा शब्द मी तोंडातून काढून टाकला आहे. दोनदा अर्धा बाहेर आला, तो गिळला. शाळा उघडली. पहिला आठवडा मी आले की ती नुसती बघायची. वाटी तिच्या मांडीशी, हात वाटीवर. मी जवळ बसायचे आणि फरशीवर माझी बोटं दोनदा वाजवायचे. ती माझ्या बोटांना हात लावायची आणि हसायची. पूर्वी ओठांना लावायची तसा.

काल शाळेत पालकांची सभा होती, उशीर झाला. पावसाने वाट निसरडी, मी चपला हातात घेऊन अनवाणी येत होते, त्यामुळे पावलांचा आवाज होत नव्हता. मनात म्हटलं, आज तर तिला कळणारही नाही. मी फाटकाशी आले, कडीला हात लावला, तेवढ्यात आतून आवाज आला. ठण, ठण. मग थांबली. सहा वर्षांपूर्वी जसं थांबायची तसंच, मधे जागा सोडून.

मी कडी काढली नाही. चिखलात तशीच उभी राहिले, तिने मला पुन्हा हाक मारावी म्हणून.

तिने मारली.

तुझी
इंदुताई